गवत कापायचं मशीन गरम झालं की बंद, गाडीची बॅटरी दर शनिवारी उतरलेली: दोन्हीचं काय निघालं आणि कसं शोधायचं

मंडळी, सोसायटीच्या गवत कापायच्या मशीनचं आणि आमच्या गाडीच्या बॅटरीचं, दोन्हीचं एकदाचं कारण सापडलं, आणि भेटेल त्याला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते, कारण तुमच्यातल्या निदान दोघा-तिघांकडे यातलं काही ना काही चालू आहे हे मला माहितीये. दोन्ही बिघाड एकाच जातीचे होते, म्हणजे मेकॅनिककडे नेलं की सगळं ठणठणीत आणि घरी आणलं की परत तेच. असा बिघाड पार्ट बदलून जात नाही, तो ज्या क्षणी होतो त्या क्षणी तिथे उभं राहून बघावा लागतो. थंड मशीन उघडून बसलात तर सगळं चांगलंच दिसणार.

आधी मशीन. आमचं मुलुंड पश्चिमेला, मागच्या भिंतीपलीकडे नॅशनल पार्कचा डोंगर सुरू होतो, त्यामुळे जूनमध्ये पाऊस लागला की पंधरा दिवसांत टाकळा आणि गवत गुडघ्यापर्यंत येतं. मुलं मागेच खेळतात, बॉल गवतात गेला की हात घालतात, आणि डोंगराच्या बाजूला जनावर निघणं काही नवल नाही. म्हणून हे मशीन चालू राहणं माझ्यासाठी शोभेच्या बागेचा विषय नाही, ते वेळेवर चालायलाच पाहिजे. मशीन साधं आहे, पाठीवर पट्टा लावून घ्यायचं टू स्ट्रोक, ४३ सीसी, पुढे ब्लेड नाहीतर नायलॉनची दोरी.

त्रास असा की सकाळी थंड असताना दोन-तीनदा दोरी ओढली की पकडायचं, दहा एक मिनिटं मस्त चालायचं आणि मग आवाज बारीक होऊन बंद. मग कितीही दोरी ओढा, नाही म्हणजे नाही. माळीकाका खाली ठेवून पाणी पिऊन यायचे, तोपर्यंत परत पकडायचं, आणि परत दहा मिनिटांनी तेच. मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) साफ केला, परत साफ केला, आणि शेवटी म्हणाला पिस्टनच्या रिंग गेल्यात, बोअरचं, म्हणजे सिलिंडरचं, काम काढा. ते काम करण्यापेक्षा नवीन मशीन घ्या असं सोसायटीत ठरायला लागलं होतं. पण रिंग गेलेलं मशीन थंड असताना असं एका झटक्यात पकडत नाही आणि पहिली दहा मिनिटं पूर्ण ताकदीने गवतही कापत नाही, त्यामुळे मला ते पटेना.

मग एका रविवारी मी आणि माळीकाका मशीन घेऊन मागेच उभे राहिलो. काकांना मी एवढंच विचारलं की बंद होताना आवाज कसा जातो. ते म्हणाले, "ताई, एकदम नाही जात. आधी चढतो, मग खाली येतो, परत चढायला बघतो आणि मग मरतो." हे वाक्य सगळ्यात कामाचं होतं. पेट्रोल कमी पडतंय तेव्हा इंजिन असंच करतं, मिश्रणात हवा जास्त झाली की आरपीएम क्षणभर वर जातो, मग धाप लागल्यासारखं होऊन बंद. करंट गेला असता तर स्विच बंद केल्यासारखं खटकन थांबलं असतं, आवाज चढला नसता. म्हणजे कॉइल, प्लग, स्विचची वायर हे सगळं तात्पुरतं बाजूला, पेट्रोल कुठे अडकतंय ते बघायचं.

मशीन चालू करून काका कापायला लागले आणि मी मागे थांबले. आवाज चढायला लागला, बंद झालं, तसं लगेच मशीन जमिनीवर सपाट ठेवून मी टाकीचं झाकण अर्धा आटा सैल केलं. फुस्स! बाहेरची हवा आत खेचली गेल्याचा आवाज स्पष्ट आला, आणि बुडाशी दाबला गेलेला, चालू करण्याआधी पेट्रोल ओढायला दाबतो तो पंपाचा फुगा डोळ्यासमोर फुगून वर आला. झाकण परत घट्ट करून दोरी ओढली तर लगेच पकडलं, गरमच होतं तरी. परत थोड्या वेळाने तेच, परत झाकण, परत फुस्स. मग शंकाच नाही राहिली.

होतं काय की टाकीतलं पेट्रोल जसं खाली जातं तशी त्या जागी बाहेरून हवा यायला लागते, नाहीतर आत ओढ तयार होते आणि कार्बोरेटरचा पडदा ती ओढ तोडून पेट्रोल खेचू शकत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडकत अडकत पडतं आणि पलीकडे दुसरं पाडलं की धार लागते, तसंच अगदी. हवा आत यायला या मशीनना झाकणात नाहीतर टाकीवरच्या छोट्या नळीत एकतर्फी व्हॉल्व असतो, हवा आत घेतो पण पेट्रोल बाहेर सोडत नाही. आमच्या नळीतला व्हॉल्व ऑइल आणि गवताच्या बारीक भुशाने चिकटला होता. मशीन दहा मिनिटं खाली ठेवलं की हवा कुठूनतरी हळूहळू आत झिरपायची आणि परत चालायचं, म्हणून सगळ्यांना वाटायचं की थंड झालं म्हणून चाललं. थंड होण्याचा काही संबंधच नव्हता. आणि मेकॅनिककडे कधी दिसलं नाही कारण तो दोन मिनिटं चालवून बघतो आणि बंद करतो, त्याचं काही चुकत नाही, एवढ्या वेळात टाकीत ओढ तयारच होत नाही.

व्हॉल्व पेट्रोलमध्ये धुवून फुंकून बघितला, एका बाजूने हवा जायला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने नाही, आमचा दोन्हीकडून ठप्प होता म्हणून नवीन टाकला. नागदेवीला मशिनरीच्या दुकानात दोन वडापावच्या पैशात मिळाला. तेव्हापासून टाकी संपेपर्यंत मशीन बंद पडलेलं नाही.

एक सांगून ठेवते, झाकण सैल ठेवूनच काम उरकायचं असा शॉर्टकट कोणी काढू नका. मशीन तिरकं होतं, पेट्रोल सांडतं आणि सायलेन्सर बाजूलाच तापलेला असतो. झाकण सैल करणं ही फक्त तपासणी आहे, तीसुद्धा इंजिन बंद असताना, मशीन सपाट ठेवून, आणि जवळ कोणी बिडी-सिगरेट ओढत नाही ना बघून.

आता तुमच्याकडे झाकण उघडून फुस्स आलं नाही तर पुढे काय, तेही सांगते. आवाज चढून मरतोय पण टाकीला हवा नीट आहे, तर टाकीत तारेच्या आकड्याने नळी बाहेर ओढून काढा, तिच्या टोकाला फिल्टर असतो, तो काळा-तपकिरी चिकट झालेला असेल तर बदला, धुवून फार दिवस निभत नाही. नळी बोटांत वाकवून बघा, टाकीत शिरते तिथेच बारीक चीर पडते आणि मशीन पेट्रोलऐवजी हवा खेचायला लागतं. मरायच्या बेताला असताना चोक अर्धा लावून बघा, चोक लावल्यावर थोडं सावरलं तर पेट्रोलच कमी पडतंय हे पक्कं. नळी-फिल्टर चांगले असूनही कमी पडतंय तर कार्बोरेटरचा पडदा कडक झालाय. तो पातळ, मऊ असायला पाहिजे, हातात घेतल्यावर जुन्या प्लास्टिकसारखा कडकड वाजला की गेला. हा किट बदलायचा असतो, साफ करून तो मऊ होत नाही, आणि बरेच जण नेमकं इथेच अडकतात कारण कार्बोरेटर "साफ केलाय" ऐकलं की आपण समजतो ते खातं बंद झालं.

आवाज खटकन गेला तर मात्र करंट. तेव्हाही थंड होऊ देऊ नका, गरम असतानाच स्पार्क बघा. प्लगच्या टोपीत लावायचा स्पार्क टेस्टर मिळतो, तो वापरणं सगळ्यात बरं, कारण उघडा प्लग धरून बघायला गेलं तर सिलिंडरच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि ठिणगी बाजूलाच पडते. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर इग्निशन कॉइल गेली समजा, तापली की आतली वाइंडिंग तुटते आणि निवली की परत जुळते. कॉइल बसवताना फ्लायव्हीलचं लोहचुंबक आणि कॉइल यात साधारण ०.३ मिलिमीटर फट ठेवतात, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळायचा आणि कार्ड काढून घ्यायचं, पण तुमच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच ठेवा. प्लगच्या टोकाचा गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. आणि सगळ्यात आधी स्विचकडे जाणारी काळी वायर बघा, ती दांड्याच्या कडेला घासून सोलली की इंजिन बंदच होतं, आणि हलवलं की परत चालू, लोक याच्यासाठी उगाच कॉइल बदलतात.

तिसरा प्रकार म्हणजे बंद पडत नाही पण गरम झालं की दमच धरत नाही, पिकअप घेत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते ती काजळीने बुजलेली असते बहुतेक वेळा. काढून तारेच्या ब्रशने घासा. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मगच लावा. ब्लेडजवळ हात घालायच्या आधी प्लगची टोपी काढून ठेवा, दर वेळी, मशीन बंद दिसत असलं तरी.

काजळी मुळात होते कुठून तर पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजपंचे ओतल्यामुळे. आमच्याकडे "थोडं जास्त बरं" या हिशोबाने चालायचं. पुस्तकात १:५० असेल तर एका लिटर पेट्रोलला २० एमएल टूटी (टू स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, १:२५ असेल तर ४० एमएल, म्हणजे दोन मशीनमध्ये दुपटीचा फरक आहे, शेजारच्या सोसायटीला विचारून ओतायची गोष्ट नाही ही. जास्त झालं तर धूर आणि काजळी, कमी झालं तर पिस्टन जाम, आणि जाम झालेला पिस्टन खरोखर बोअरचं काम काढतो. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण एक कायमचं त्या डब्याला दोरीने बांधून ठेवलंय मी, आता काकाही त्यानेच मोजतात.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मुंबईत ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडे २०२३च्या फेब्रुवारीत ई२० पेट्रोल सुरू झालं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि आता पंपावर जवळजवळ तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडीची टाकी बंदिस्त असते आणि आपण ती संपवून परत भरतो, पण मशीनसाठी आणलेलं पेट्रोल जुलैच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या डब्यात महिनाभर पडून राहिलं की पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं. ओळखायला सोपं आहे, काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं ओता, तासभर हलवू नका, तळाशी वेगळ्या रंगाचा थर दिसला की ते पेट्रोल मशीनला नाही. टाकीतली नळी नेमकी तळाशीच असते आणि तोच थर आधी खेचते. म्हणून लागेल तेवढंच आणा, पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच, आणि ऑइल मिसळलेलं तर अजूनच कमी. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, पेट्रोलचा म्हणून मिळतो तो धातूचा कॅन घ्या, आणि तो जिन्याखाली मीटरबॉक्सशेजारी ठेवू नका, हे आमच्या सोसायटीला समजावताना माझा घसा बसलाय.

आता गाडी.

आमची गाडी आठवडाभर खालीच उभी असते, दोघंही लोकलने जातो, शनिवार-रविवार काय ती बाहेर निघते. आणि शनिवारी सकाळी चावी फिरवली की टक टक टक, सेल (स्टार्टर) घेतच नाही. जंपर लावला की लगेच चालू, दिवसभर व्यवस्थित, रविवारी रात्री लावून ठेवली की पुढच्या शनिवारी परत तेच. मेकॅनिक म्हणाला बॅटरी संपली, तीन वर्षं झालीच होती म्हणून बदलली, आणि नवीनसुद्धा महिनाभरात तसंच करायला लागली. मग तो म्हणाला गाडी रोज चालवा. आता रोज चालवा हा सल्ला मला मान्यच नाही, चांगली गाडी आठवडाभर काय, दोन-तीन आठवडे उभी राहिली तरी सेल घ्यायला पाहिजे.

इथेही तेच, बिघाड गाडी उभी असताना होतोय आणि सगळे तपासतायत गाडी चालू असताना. लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणलाय, घरात असावाच प्रत्येकाच्या, आणि तो दहा अँपिअरपर्यंत करंट मोजणारा घ्या.

पहिलं माप व्होल्टचं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार उघडायच्या आधी नाही जमलं तरी निदान काही चालू करायच्या आधी बॅटरीच्या दोन टोकांवर बघा. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या आसपास म्हणजे तळ गाठलाय. मग गाडी चालू करून बघा, १३.८ ते १४.५ मध्ये असेल तर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा भाग) चार्ज करतोय, काही नवीन गाड्यांत कॉम्प्युटर ते मुद्दाम खाली आणतो त्यामुळे एकदा कमी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, लाइट आणि एसी लावून परत बघा. आमचा १४.२ दाखवत होता, म्हणजे भरणं बरोबर होतं, गळती दुसरीकडे होती.

दुसरं माप रात्रीचं, हेच खरं. बॉनेट उघडं ठेवायचं, दार उघडं ठेवून दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हरने दाबून तो बंद झालाय असं गाडीला भासवायचं, चावी लांब घरात नेऊन ठेवायची, बिनचावीच्या गाड्या चावी जवळ असली की झोपतच नाहीत. मग बॅटरीची मायनस वायर काढून ती वायर आणि बॅटरीचं मायनस टोक यांच्या मधे मीटर लावायचा, मीटरची स्वतःची लाल वायर त्याच्या १० अँपिअरच्या भोकात. आणि मग थांबायचं, अर्धा तास तरी. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतात ते बघून लोक ओरडतात, पण गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. शेवटी ०.०५ अँपिअरच्या खाली स्थिरावला पाहिजे. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल मारू नका, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडेल.

आमचा खाली आला आणि ०.३० वर येऊन थांबला. तिथून हलेचना, मी आणि लेक खुर्च्या टाकून बघत बसलो होतो, वॉचमनकाकाही येऊन उभे राहिले.

आता ०.३० ऐकायला काहीच नाही, पण हिशोब करा. ०.३ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-अवर, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, म्हणजे पाच दिवसांत कोरडी, आणि सेल घेणं तर त्याच्या खूप आधी बंद होतं. रविवार रात्र ते शनिवार सकाळ, बरोबर बसतं. ०.०५ असती तर दिवसाला १.२ जाते, दोन आठवडे आरामात.

मग कोण खातंय ते शोधायला फ्यूज. एकेक फ्यूज काढत बसलात तर काही गाड्या जाग्या होतात आणि परत अर्धा तास थांबावं लागतं, म्हणून फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावर दोन छोटे उघडे ठिपके असतात तिथे मीटर मिलिव्होल्टवर ठेवून बघायचं, जिथे शून्य नाही तिथून करंट जातोय. आमचा सापडला, आणि तो फ्यूज कारच्या कंपनीने दिलेल्या कुठल्याच गोष्टीचा नव्हता, त्यावर डॅशकॅमची वायर चढवली होती. ॲक्सेसरीवाल्याने कॅमेरा लावताना चावीवर चालणाऱ्या फ्यूजऐवजी कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर घेतला होता, म्हणजे गाडी उभी असतानाही कॅमेरा पार्किंग मोडमध्ये रात्रंदिवस जागा, आमच्या स्टिल्टमधल्या खांबाचं शूटिंग करत. वायर काढली, मीटर ०.०३ वर आला. मग ती चावीवरच्या फ्यूजवर घेतली आणि विषय संपला. पार्किंग मोड हवाच असेल तर जोडणीच्या किटमध्ये कमी व्होल्टला कॅमेरा तोडायची सोय असते, ती १२.२ च्या आसपास नाहीतर जवळच्या वरच्या आकड्यावर ठेवा, ११.६ वर ठेवलीत तर कॅमेरा बंद होईपर्यंत सेल मारायची ताकद गेलेली असते.

तुमच्याकडे डॅशकॅम नसेल तर बाहेरून लावलेल्या गोष्टींपासूनच सुरुवात करा, म्युझिक सिस्टिम, ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, ओबीडीच्या, म्हणजे गाडी तपासायला स्टिअरिंगखाली असतो त्या, सॉकेटमध्ये खुपसलेलं यंत्र. त्यानंतर डिकीचा आणि डॅशबोर्डच्या कप्प्याचा दिवा, तो बंद होतो का बघायला मोबाइल व्हिडिओ चालू करून आत ठेवून झाकण लावायचं. आणि उंदीर. मुंबईत हे सगळीकडे आहे, वायरचं कव्हर कुरतडलं की पावसाळी हवेत तिथून करंट गळतो, बॉनेटखाली लेंड्या आणि कुरतडलेला फोम दिसला की आधी वायरी बघा.

एवढं सगळं ठीक असूनही सेल घेत नाही आणि बॅटरी १२.५ दाखवतेय, तर अर्थिंग. आपल्या खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरशीसारखा थर येतो आणि इंजिन ते बॉडी जाणारी जाड पट्टी आतून सडते. कोणालातरी सेल मारायला सांगा आणि त्याच वेळी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी काढून घासा नाहीतर बदला. इथेही सेल मारतानाच माप घ्यायचं, नुसतं उभ्या गाडीत शून्यच दाखवेल. टर्मिनल गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ होतात, वाळवून व्हॅसलिन लावा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

आणि एकदा तळाला गेलेली बॅटरी एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये ठाण्यापर्यंत जाऊन भरत नाही, त्यात एसी, वायपर, लाइट चालू. तिला रात्रभर चार्जर लावा. सारखी तळाला गेलेली बॅटरी आतून मरते, आमच्या नव्या बॅटरीनेही थोडी ताकद गमावलीच आहे याचं मला वाईट वाटतं, कारण तिचा काही दोष नव्हता.

माझ्या मावसभावाची जुनी कार्बोरेटरवाली स्कूटर ऐरोली पुलाच्या आसपास बंद पडते आणि ढकलत कडेला नेली की चालू होते, त्याला मी झाकण उघडून ऐकायलाच सांगितलंय. लक्षण तंतोतंत तेच आहे. पुलावर थांबणं धोक्याचं आहे, त्यामुळे घराजवळ गल्लीत तेवढाच वेळ फिरवून बघ म्हटलं.

ज्यांच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटखाली पाणी साचतंय त्यांच्यासाठी पटकन: पाऊस आत येतोय असं धरून दारांची रबरं बदलू नका. कोरड्या दिवशी एसी लावून अर्धा तास फिरा आणि थांबल्यावर गाडीखाली बघा. एसीचं पाणी खाली टपटपत नसेल तर त्याची नळी बुजली आहे आणि तेच पाणी आत येतंय. खालून फुंकून किंवा मऊ नळीने मोकळी करा, लोखंडी तार घालू नका, आतला ट्रे फुटतो. कोरड्या दिवशी कार्पेट कोरडंच राहिलं आणि पावसात उभी असताना भिजलं, तरच रबरं आणि सनरूफच्या नळ्या बघायला घ्या.

मशीन ऑक्टोबरमध्ये आत ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करून, मग आहे तेवढं संपून आपोआप बंद होईपर्यंत आयडलवर चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. प्लग काढून चमचाभर टूटी ऑइल आत, दोरी हळू दोनदा ओढायची, प्लग परत. मे महिन्याच्या शेवटी ताजं पेट्रोल भरून एकदा पूर्ण टाकी चालवून बघा, पहिला पाऊस पडल्यावर नाही, तेव्हा सगळ्या मेकॅनिककडे रांग असते.

तुमच्यापैकी कोणाचं वेगळ्या तऱ्हेने बंद पडत असेल तर मला एवढं सांगा: चालू केल्यावर किती वेळाने पडतं, आवाज चढून जातो का खटकन, झाकण उघडल्यावर काही ऐकू येतं का, आणि गाडी असेल तर रात्री अर्ध्या तासाने मीटर कुठे थांबला. बॅटरी बदलली, प्लग बदलला हे नंतर सांगितलं तरी चालेल.